श्रीलंकेतली शांतिसेना: बाराशे जवान गेले, जाब कुणी दिला?

तळ्याकाठी

मागच्या रविवारी मामांचा माळा आवरायला गेले होते. काळ्या ट्रंकेत आंतर्देशीय पत्रांचा गठ्ठा सापडला. सगळ्यांवर पत्ता एकच, ५६ एपीओ, म्हणजे माणूस कुठे आहे ते घरच्यांना कळू नये अशी सोय. सप्टेंबर १९८७ च्या पत्रात लिहिलंय, "इकडे नारळ भरपूर, पाणी गोड, लोक हार घालतात, काळजी नसावी." पुढचं पत्र थेट डिसेंबरचं. त्यात नारळ नाहीत. "मी ठीक आहे, आईला सांगणे" एवढंच.

मामा श्रीलंकेत होते हे माहीत होतं, पण त्यावर कधी बोलणं झालं नव्हतं. म्हणून वाचायला बसले. २९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला, आणि शांतता राखायला आपली फौज गेली. अडीच महिन्यांत तीच फौज एलटीटीईशी, म्हणजे वेगळ्या तमिळ देशासाठी लढणाऱ्या प्रभाकरनच्या संघटनेशी, लढायला लागली, ज्यांना आपणच तमिळनाडूत शिकवून तयार केलं होतं. २४ मार्च १९९० ला शेवटची तुकडी परत आली. जवळपास १२०० जवान गेले, तीन हजारांच्या आसपास जखमी. प्रभाकरन जिथे होता तिथेच.

प्रश्न साधा आहे. या सगळ्याचा जाब कुणी दिला? राजीनामा? चौकशी? मला तरी काही सापडलं नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा.

टवाळ_कार्टं

जागा धरून ठेवतो. शेंगदाणे आणलेत.

खडूस काका

ताई, आमच्या पिढीला विचारा. १९८७ साली रविवारी सकाळी गल्ल्या ओस पडायच्या, कारण टीव्हीवर रामायणातली लंकेची स्वारी चालू असायची. खऱ्या लंकेची बातमी आकाशवाणी पुण्याच्या सात पाचच्या बातम्यांत एका वाक्यात यायची. आमच्या कचेरीत सगळ्यांना बोफोर्स तोफांच्या लाचेचा आकडा तोंडपाठ होता, ६४ कोटी. लंकेत किती जवान गेले हे मात्र एकालाही सांगता आलं नसतं, मलाही नाही.

राजीनाम्याबद्दल म्हणाल तर राजीनामा झाला नाही. संरक्षणमंत्री कृष्णचंद्र पंत होते, ते शेवटपर्यंत होते. सरकार १९८९ ला पडलं, पण ते बोफोर्सवर.

मिरचीभजी

बोफोर्सवर संयुक्त संसदीय समिती बसली, जवानांवर काही नाही. तोफ महाग पडली की चौकशी होते, तोफेमागचा माणूस गेला की मानवंदना.

घाटावरचा

असल्या टाळ्याखाऊ वाक्यांनी काय होतं भजीताई? सरकारला मतदारांनी घरी पाठवलं, हीच लोकशाहीतली जबाबदारी. आणखी काय सुळावर चढवायचं होतं?

आर्या चेन्नई

घाटावरचा, एक गंमत सांगते. मी पंधरा वर्षं चेन्नईत आहे. १९८९ च्या लोकसभेला तमिळनाडूत काय झालं माहीत आहे? ३९ पैकी ३८ जागा काँग्रेस आणि अण्णाद्रमुकच्या युतीला. म्हणजे ज्या राज्याच्या दारात हे युद्ध झालं, जिथल्या बंदरातून जवान गेले आणि आले, तिथे राजीव गांधींची युती जवळजवळ निर्भेळ जिंकली. काँग्रेस हरली ती उत्तरेत. मतदारांनी युद्धाचा जाब विचारला असं या आकड्यांवरून म्हणता येत नाही.

आणि १९९० ला फौज मद्रासला उतरली तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. तमिळांवर हात उचललेल्या सैन्याचं स्वागत करणार नाही, अशी त्यांची भूमिका. इथले जुने लोक अजून त्यावर दोन तट पाडून भांडतात. जवानांच्या वाट्याला मात्र रिकामा धक्का आला.

घाटावरचा

हा आकडा मला माहीत नव्हता. मुद्दा मागे घेतो, अर्धा.

टवाळ_कार्टं

स्क्रीनशॉट काढून ठेवा रे, घाटावरच्याने अर्धा मुद्दा मागे घेतला. या संकेतस्थळाच्या इतिहासात पहिल्यांदाच.

कँपातला

पुणेकरांसाठी एक जोड. हे युद्ध कागदोपत्री पुण्यातून चाललं होतं. शांतिसेनेचे सर्वोच्च सेनापती लेफ्टनंट जनरल देपिंदर सिंग म्हणजे तेव्हाचे दक्षिण कमांडचे प्रमुख, मुख्यालय आपल्या कँपात. प्रत्यक्ष जाफनात उतरली ती मेजर जनरल हरकिरत सिंग यांची ५४ वी डिव्हिजन. त्यांच्या वर दिल्लीत लष्करप्रमुख सुंदरजी. आणि बाजूला, खरं तर वरच, कोलंबोतले आपले उच्चायुक्त दीक्षित. शिवाय आपलं गुप्तहेर खातं, रॉ. एका गाडीला चार स्टिअरिंग.

हरकिरत सिंगांनी नंतर जाहीरपणे लिहिलं की प्रभाकरन बोलणीसाठी येईल तेव्हा त्याला गोळी घाला असं दीक्षितांकडून सांगण्यात आलं आणि पांढऱ्या निशाणाखाली आलेल्याला मारणार नाही म्हणून त्यांनी नकार दिला. खरंखोटं त्यांनाच ठाऊक. पण उच्चायुक्त आणि सेनापती यांच्यात असा वाद होऊ शकतो, म्हणजे हुकूम कुणाचा चालतो हेच ठरलेलं नव्हतं, नाही का?

निवृत्त सुभेदार

मी सहसा लिहित नाही, वाचतो. हा धागा बघून राहवलं नाही. मोबाईलवर टाइप करतोय, चुका पोटात घाला.

ऑगस्ट ८७ मध्ये आमची पलटण गेली. पलटणीचं नाव लिहीत नाही. पहिले दोन महिने खरोखर हार घालायचे. एका गल्लीत ताडाच्या झावळ्यांची कुंपणं, आत विहीर. तिथली एक म्हातारी रोज पाणी द्यायची. आम्ही तमिळ तीनच शब्द शिकलो होतो, वा, पो आणि तन्नी. ये, जा, पाणी. आमच्यातला एक कराडचा पोरगा तिला आज्जी म्हणायचा, मराठीतच. तिलाही कळायचं.

मग ऑक्टोबर. एलटीटीईची काही माणसं लंकेच्या नौदलानं पकडली, कोलंबोला न्यायला निघाले तर त्यांनी सायनाइड खाल्लं. १२ मेले. दुसऱ्या दिवसापासून हवा बदलली. १० तारखेला आमचं ऑपरेशन पवन सुरू. त्याच गल्लीतनं परत गेलो तेव्हा दार बंद, विहिरीवरची बादली काढून घेतलेली.

आमच्याकडे एसएलआर रायफल, लांब आणि जड, त्यांच्याकडे एके ४७. रस्त्याखाली सुरुंग, म्हणून आम्ही रस्ता सोडून बांधावरनं चालायचो. वरनं ताडावरनं नेम धरून गोळी यायची. आणि हुकूम काय, तर जड हत्यारं वापरू नका, लोक मरतील. हुकूम बरोबर होता. लोक मरतच होते. पण मग आम्ही तिथं नेमकं काय करायचं? पहिल्यांदा सांगितलं शांतता राखा. मग सांगितलं हत्यारं काढून घ्या. मग जाफना घ्या. मग निवडणूक घ्या. मग त्या निवडून आलेल्या माणसाला सांभाळा. आणि शेवटी सांगितलं चला घरी.

परत आल्यावर गावात विचारायचे, "तिकडनं टेप आणला का?"

तळ्याकाठी

सुभेदार काका, मनापासून आभार. मामांना हा प्रतिसाद वाचून दाखवणार आहे.

अवंतिका_क

काका, नमस्कार. डोळ्यांत पाणी आलं.

बोरकर सर

सुभेदारसाहेबांच्या प्रतिसादात या धाग्याचं उत्तर आहे असं मला वाटतं. त्यांनी पाच उद्दिष्टं मोजली. शांतता, निःशस्त्रीकरण, जाफना, निवडणूक, संरक्षण. पाचपैकी प्रत्येकाबद्दल सरकार संसदेत म्हणू शकत होतं की हे झालं, निदान होत आलंय. जाफना पडलं ना? पडलं. काही दिवसांत पडेल असं वाटलं होतं, दोन आठवड्यांच्या वर लागले, पण पडलं. नोव्हेंबर १९८८ ला प्रांतिक निवडणूक झाली ना? झाली. वरदराज पेरुमाल त्या प्रांताचे मुख्यमंत्री झाले. आणि तेच पेरुमाल १ मार्च १९९० ला स्वतंत्र ईलम, म्हणजे वेगळा तमिळ देश, जाहीर करून मोकळे झाले, ज्या श्रीलंकेच्या अखंडतेसाठी आपण लढलो होतो तिच्याच विरुद्ध!

जे साध्य करायचं ते आधी कागदावर लिहिलंच नाही, तर फसलं असं कुणी कशाच्या आधारे म्हणायचं? परीक्षेचा पेपर रोज बदलायचा आणि उत्तीर्ण झालो म्हणायचं. राजीनामा मागायला आधी नापास ठरावं लागतं.

कोकणकडा

बोरकर सर, इथे थोडं अडवतो. धोरण नव्हतंच असं नाही. करारासोबतची पत्रं वाचा. त्रिंकोमालीचं बंदर आणि तिथल्या तेलाच्या टाक्या परक्या सत्तेच्या हाती जाऊ नयेत, परदेशी नभोवाणी केंद्रांचा वापर आपल्याविरुद्ध होऊ नये, हे त्यात आहे. शीतयुद्ध चालू होतं, अमेरिका आणि पाकिस्तान तिथे शिरकाव करत होते. एका शेजारी देशाची फाळणी झाली असती तर उद्या मद्रासमध्ये काय झालं असतं? करारामुळे त्यांच्या घटनेत प्रांतांना अधिकार देणारी तेरावी दुरुस्ती आली, ती आजही आहे. आजही आपले परराष्ट्रमंत्री कोलंबोला गेले की तिचंच नाव घेतात.

सगळं पाण्यात गेलं म्हणणं सोपं आहे. पर्याय काय होता ते कुणी सांगत नाही.

बोरकर सर

कडासाहेब, उद्दिष्ट आणि धोरण यात फरक करतो मी. त्रिंकोमाली परक्यांना मिळू नये हे उद्दिष्ट, मान्य. ते साधायला जाफनाच्या गल्लीत पायदळ कशाला, आणि ते किती दिवस, आणि कुठल्या क्षणी परत, हे धोरण. हे दुसरं मला कुठे सापडलेलं नाही. सप्टेंबर ८७ पर्यंत आपल्याच एका खात्याचे लोक एलटीटीईच्या संपर्कात होते आणि ऑक्टोबरात दुसरं खातं त्यांच्यावर तोफा डागत होतं.

कोकणकडा

एवढं मात्र खरं.

कँपातला

जाफना विद्यापीठाची गोष्ट कुणी काढली नाही अजून. ११-१२ ऑक्टोबरची रात्र. एलटीटीईचे नेते तिथे आहेत अशी खबर, हेलिकॉप्टरनं कमांडो आणि शीख लाइट इन्फंट्रीची १३ वी पलटण उतरवायची. एलटीटीई आपला वायरलेस ऐकत होती. ती तयार बसलेली. शीख पलटणीचे ३० जण उतरले आणि पुढची हेलिकॉप्टरं येऊच शकली नाहीत. ३० पैकी २९ गेले. एक पकडला गेला.

आता सांगा, या एका रात्रीची तरी उघड चौकशी व्हायला काय हरकत होती?

घाटावरचा

म्हणजे चूक लष्कराची. मग सगळं खापर राजकारण्यांवर का? सुंदरजींनी पंतप्रधानांना सगळं सोपं म्हणून सांगितलं असेल तर तो माणूस काय करणार?

मिरचीभजी

विचारणार! पंतप्रधानांचं कामच ते. "किती दिवस लागतील" याचं उत्तर ऐकून मान डोलावली म्हणून जबाबदारी संपत नाही. आमच्याकडे सोसायटीची टाकी गळाली तेव्हा सेक्रेटरी म्हणाले प्लंबरने सांगितलं होतं. सभेने सेक्रेटरीलाच धरला.

खडूस काका

टाकी दुरुस्त झाली का?

मिरचीभजी

नाही हो. सेक्रेटरी बदलला, टाकी तीच.

टेम्सकाठचा

इकडच्या, इंग्लंडातल्या दोन गोष्टी. ब्रिटनच्या फॉकलंड बेटांवर अर्जेंटिनाने २ एप्रिल १९८२ ला ताबा घेतला. ५ एप्रिलला परराष्ट्रमंत्री लॉर्ड कॅरिंग्टन यांनी राजीनामा दिला. माझ्या खात्याला अंदाज आला नाही, सबब मी जातो. युद्ध अजून सुरूही व्हायचं होतं. इथली म्हातारी माणसं आजही त्यांचं नाव आदराने घेतात.

दुसरी बरोब्बर उलटी. इराक युद्धावर चिलकॉट समिती २००९ ला नेमली, अहवाल २०१६ ला आला, १२ खंड. नंतरची तयारी अगदीच अपुरी होती असं त्यात स्वच्छ लिहिलंय. तेव्हाचे पंतप्रधान ब्लेअर यांना तोवर पद सोडून नऊ वर्षं झाली होती. त्यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि निर्णय मात्र पुन्हा तोच घेतला असता असंही सांगितलं. माझ्या शेजाऱ्याचा पुतण्या बसऱ्याला होता. तो म्हणाला, निदान छापलं तरी.

बोरकर सर

"निदान छापलं तरी" हे फार मोठं आहे. आपल्याकडे १९६२ च्या चीन युद्धावरचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल सरकारने अजून पूर्ण उघड केलेला नाही. पण तेव्हा संरक्षणमंत्री मेनन गेले, लष्करप्रमुख थापर गेले. यशवंतराव दिल्लीला गेले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री वगैरे. १९६३ ला आचार्य कृपलानींनी लोकसभेतला पहिला अविश्वास ठराव आणला. तो ३४७ विरुद्ध ६२ असा पडला, पण नेहरूंना सभागृहात बसून ऐकून घ्यावं लागलं. कारगिलनंतर तर लढाई संपल्यावर तीन दिवसांत के. सुब्रह्मण्यम समिती नेमली आणि तिचा अहवाल, काही भाग वगळून का होईना, संसदेपुढे आला. नेमकी तारीख बघा, २९ जुलै १९९९. कोलंबो कराराला त्या दिवशी बारा वर्षं झाली होती.

६२ आणि ९९ च्या मधल्या या प्रकरणावर मात्र मला ना ठराव सापडला, ना समिती, ना अहवाल.

शनिवारवाडा

याहून मोठं उदाहरण आपल्या घरचं आहे. पानिपत. लाखभर माणूस, बाजारबुणगे बरोबर, दिल्लीत बसून पैसे संपले, परतीची वाट बंद...

टवाळ_कार्टं

आलं! पानिपत आलं! तेविसाव्या प्रतिसादाला. मी विसाव्यावर पैज लावली होती.

शनिवारवाडा

हसा. पण खापर कुणावर फुटलं? भाऊंवर. का? कारण भाऊ परत आले नाहीत. जे परत आले त्यांनी बखरकारांना आपापली बाजू सांगितली.

खडूस काका

भाऊ आले होते की परत. तोतया म्हणून.

शनिवारवाडा

काका, दंडवत.

संपादक

पानिपतावर वेगळे अकरा धागे आहेत, कृपया तिकडे. इथे श्रीलंका.

आर्या चेन्नई

एका बाजूचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते, राग मानू नका. जाबाचा प्रश्न फक्त आपल्या जवानांचा नाही. २१ ऑक्टोबर १९८७, त्या वर्षीची दिवाळी, जाफनाच्या सरकारी इस्पितळात गोळीबार झाला. डॉक्टर, परिचारिका, रुग्ण मिळून साठाच्या वर माणसं गेली. ऑगस्ट १९८९ ला वल्वेट्टितुराईत पन्नासच्या वर. तिथले लोक आपल्या सेनेच्या इंग्रजी आद्याक्षरांचा अर्थ "निरपराधांना मारणारी सेना" असा लावायचे. माझ्या इमारतीत जाफनाहून आलेलं एक कुटुंब आहे. मी "आमचे जवान" म्हटलं की त्या बाई विषय बदलतात. चहा मात्र पाजतात.

घाटावरचा

एलटीटीई इस्पितळातून गोळ्या झाडत होती हे का लिहीत नाही?

आर्या चेन्नई

लष्कराचं तसं म्हणणं होतं, तिथल्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं. म्हणूनच चौकशी हवी होती ना.

निवृत्त सुभेदार

ताई बरोबर बोलतात. मी त्या जागी नव्हतो, त्यामुळे काय झालं ते सांगू शकत नाही. पण मित्र डोळ्यांसमोर पडल्यावर पोरं काय करतात ते पाहिलंय. त्याचा हिशोब ज्यानं पाठवलं त्याच्याकडं पण मागायला पाहिजे. फक्त पोरांकडं नको.

अनामिक वाचक

मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचा उल्लेख हवा. जन्म मुंबईचा, महार रेजिमेंटच्या ८ व्या पलटणीतले. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री शोधमोहिमेवरून परतताना तुकडीवर हल्ला झाला. त्यांनी मागून वळसा घालून हल्लेखोरांना गाठलं, छातीत गोळी लागली असताना समोरच्याची रायफल हिसकावून त्यालाच मारलं. परमवीरचक्र मिळालं, मरणोत्तर. शौर्य कागदावर नोंदवलं जातं आपल्याकडे, अगदी तपशिलासकट. चुका नाही.

कोकणकडा

मी विरोधी बाजूने बोलत होतो, तरी एक भर घालतो, कारण ती माझ्याच बाजूच्या अंगावर येते. या प्रकरणाच्या आसपास एकच मोठा आयोग पोचला, जैन आयोग. तोही युद्धासाठी नव्हता, २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली त्यासाठी. त्याने एलटीटीईला भारतात कुणी थारा दिला याचा जुना इतिहास खणला. आणि १९९७ ला त्याचा अंतरिम अहवाल फुटला तेव्हा काय झालं? काँग्रेसने द्रमुकच्या मंत्र्यांना काढा म्हणून हट्ट धरला, पाठिंबा काढला आणि गुजराल सरकार पडलं.

म्हणजे सरकार पडलं ते दहा वर्षांनी, ज्याचा त्या युद्धाशी काही संबंध नव्हता ते.

मिरचीभजी

सेक्रेटरी तिसराच, टाकी तीच.

घाटावरचा

उरलेला अर्धा मुद्दा राहू दे माझ्याकडे. राजीव गांधींनी आपल्या चुकीची किंमत जिवानिशी मोजली. त्यापुढे राजीनामा तो काय?

बोरकर सर

घाटावरचे, त्या हत्येला जबाबदारी म्हणू नका हो. तो सूड होता. श्रीलंकेचे पुढचे अध्यक्ष प्रेमदासा यांनी आपल्याला हाकलायला एलटीटीईला शस्त्रं पुरवली, त्यांनाही १९९३ ला तिनेच मारलं. मारेकऱ्याने हिशोब केला म्हणजे संसदेने हिशोब केला असं होत नाही. उलट हत्येनंतर ते प्रश्न विचारणं सगळ्यांनाच अवघड झालं, आणि मला वाटतं ते कायमचे राहून गेले.

घाटावरचा

हे पटलं. (टवाळ, स्क्रीनशॉट नको.)

टवाळ_कार्टं

काढला.

तळ्याकाठी

उशिरा येतेय. काल मामांकडे बसून अख्खा धागा वाचून दाखवला. पानिपतावर हसले. सुभेदार काकांच्या विहिरीच्या गोष्टीपाशी "पुन्हा वाच" म्हणाले.

राजीनाम्याचं विचारलं तर म्हणाले, "कुणाचा घेऊन काय करू?" मग बराच वेळ गप्प. मग ट्रंकेतून एक वही काढली, मागच्या पानावर सात नावं, गावांसकट. ती मी कधी पाहिली नव्हती. कोलंबोजवळ संसदेच्या बाजूला शांतिसेनेचं स्मारक आहे, त्यावर सगळ्यांची नावं कोरली आहेत असं त्यांनी ऐकलंय. तिथे ही सात आहेत का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं आहे.

आर्या चेन्नई

आहे स्मारक, काळ्या दगडावर नावं आहेत. चेन्नईहून कोलंबो तास-दीड तासाचं विमान. मी जानेवारीत जातेय, कामानिमित्त. नावं पाठव, फोटो काढून आणते.

निवृत्त सुभेदार

ताई, माझीही दोन नावं आहेत. देऊ का?

आर्या चेन्नई

द्या काका. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. नाव, नंबर आणि पलटण, तिन्ही लिहा, म्हणजे शोधायला सोपं जाईल.

तळ्याकाठी

व्यनि केलाय. एकाच्या नंबरातला शेवटचा आकडा शाईने पुसलाय, तो मामा आठवून सांगतो म्हणालेत.